वाघ गावाला गेलाय

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. त्यामुळे लातूरकराला वाघ बघायचा तर आधी नांदेड मागे टाकायचं, मग भोकर, हिमायतनगर, किनवट करत सागाच्या झाडीतून आदिलाबादला, म्हणजे थेट तेलंगणात निघायचं आणि पैनगंगा ओलांडून पुन्हा महाराष्ट्रात शिरायचं. एवढं केलं की पांढरकवडा लागतं आणि तिथून जवळ टिपेश्वर अभयारण्य. क्षेत्रफळ 148 चौरस किलोमीटर, नाव टिपाई देवीवरून पडलेलं, आणि ख्याती अशी की इथे वाघ दिसतोच.

2024 च्या डिसेंबरात आम्ही निघालो ते मामा-मामींना घेऊन. मामांची शेती मुरूडकडे. हरभरा नुकता अंगाला आलेला, तो सोडून निघणं त्यांच्या जिवावर आलं होतं. जिप्सी, गाईड, प्रवेश फी असा सगळा हिशेब ऐकल्यावर म्हणाले, "अरं, एवढ्यात तारेचं कुंपण झालं असतं की."

पहाटे सुन्ना गेटवर पोचलो तेव्हा थंडीने दातावर दात बसत नव्हते. मामींच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. गाईड म्हणाला, "मावशी, आत काही खायचं नाही." मामी म्हणाल्या, "आम्ही कुटं खातो? तुमच्यासाठीच हाय." गाईड गप्प बसला. पुढे दोन तास त्याची एक नजर जंगलावर आणि एक पिशवीवर होती.

आत शिरताच चितळांचा कळप दिसला. शेजारच्या जिप्सीतले पुणेकर कुजबुजत फोटो काढू लागले. मामा म्हणाले, "हरणं बघायला पुण्याहून आलेत?" मग रानडुकरं दिसली तसे ते सावरून बसले. मुरूडकडच्या शेतकऱ्याच्या लेखी डुक्कर हा वन्यजीव नव्हे, तो खर्च आहे.

आणि वळणावर रोही उभा. पूर्ण वाढलेला नर, करडा-निळसर, गळ्याखाली केसांचा झुपका, पायांना पांढरे पट्टे. आमच्याकडे बघत शांतपणे रवंथ करत होता. गाईड हळूच म्हणाला, "नीलगाय." रोही म्हटलं की मामांच्या अंगात काय संचारतं ते आम्हाला ठाऊक होतं, पण त्यांचा सदरा धरायला उशीर झाला. मामा जिप्सीत उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि चार शिवारांत ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "हाऽऽड! हुर्रर्र!"

रोही गेला. चितळं गेली. सागावरची वानरं खच्चून ओरडायला लागली. वानर ओरडलं की जवळपास वाघ आहे असं जंगलात धरतात. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या जिप्स्या धुरळा उडवत आमच्याकडे धावल्या. दहा-बारा कॅमेरे आमच्यावर रोखलेले आणि मध्यभागी मफलर गुंडाळलेले मामा.

"काका, इथं त्याला हाकलायचं नसतं," गाईड काकुळतीला आला.

"मग काय राखायचं?"

"हो."

मामा बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

वाघ दिसला नाही. रस्त्याच्या फुफाट्यात ठसा मात्र दिसला. रुंद तळवा, चार बोटं, नखांची खूण नाही. गाईडने तो ताजा असल्याचं जाहीर केलं. मामांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर दव पडलंय. मध्यरात्रीच गेलाय त्यो." त्यानंतर गाईड प्रत्येक ठशाशी मामांकडे बघायला लागला.

परतीला नांदेडात चहा पिताना मामांच्या मुलाचा फोन आला. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ सापडला होता. येडशी म्हणजे मुरूडहून पाऊण तासाची वाट. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. पुढे ते जुळवून पाहिले तर हा निघाला टिपेश्वरचा. सुमारे 500 किलोमीटर चालत आलेला, तेही बुकिंग न करता.

ही टिपेश्वरच्या पोरांची खोडच. 2019 मध्ये तिथलाच एक कॉलर लावलेला तरुण वाघ महाराष्ट्र-तेलंगणातली शेतंशिवारं तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन बसला. त्याची सगळी भटकंती 3000 किलोमीटरवर गेली. वयात आलेल्या नराला स्वतःचा मुलूख हवा असतो आणि जोडीदारीण हवी असते, हे मी मामांना समजावलं. "म्हंजे आमच्या गावच्या पोरांसारखंच," मामा म्हणाले. "पण येडशीत त्येला पोरगी कोण देणार?" खरंच, तिथे वाघीण नव्हती.

लोकांनी त्याचं नाव रामलिंग ठेवलं. त्याला भूल देऊन सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायचं ठरलं, पथकं महिनोन्‌महिने मागावर होती, गडी काही हाती लागला नाही. त्या काळात मामा रात्री लाईट आली की शेतातली पाण्याची मोटार चालू करायला जाताना एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी घेऊन मोठ्याने बोलत जायचे. काय बोलता विचारलं तर म्हणाले, "त्येला सांगूलालाव, तुझ्या गावाला आम्ही पैसे भरून आलो होतो, आता तू सांभाळून घे."

सरकारकडे त्यांचं एकच मागणं आहे, मीही त्याच्याखाली सही करतो: वाघ राहू द्या, पण शेतीची लाईट दिवसा द्या.