पेंग्विनसाहेबांविरुद्ध तक्रार

प्रति,
मा. श्री. टक्स पेंग्विन,
बोधचिन्ह, लिनक्स.

विषय : अंगवळणी पडलेल्या सवयी मोडल्याबद्दल तक्रार.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मी विंडोजचा जुना आणि निष्ठावंत वापरकर्ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझ्या लॅपटॉपचा पडदा ठीक, कळफलक ठीक, बॅटरीही तग धरून. पिढी तेवढी आडवी आली. मग भाच्याने पेनड्राइव्हवरून उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाकून दिलं आणि ‘मामा, फुकट आहे’ एवढंच सांगून तो निघून गेला. फुकटच्या वस्तूबद्दल तक्रार करण्याचा मराठी माणसाचा हक्क अबाधित आहे. तो मी पुढीलप्रमाणे बजावत आहे.

तक्रार पहिली. आपल्याकडे सी ड्राइव्ह नाही, डी तर नाहीच. ‘महत्त्वाचं डीमध्ये ठेव, फॉरमॅट मारला तरी राहतं’ या एका उपदेशावर कित्येक घरांतले लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन आणि पोरांचे दाखले आजवर टिकले. आपल्याकडे सगळा कारभार एका तिरप्या रेघेखाली. पेनड्राइव्ह लावला तर त्याला स्वतःचं अक्षरसुद्धा मिळत नाही. एकत्र कुटुंबात आलेल्या पाहुण्याची पथारी ओसरीवर पडावी, तसा तो ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरात जाऊन पडतो. ‘होम’ फोल्डर वेगळ्या पार्टिशनवर ठेवला की तोच आपला डी, असं भाचा म्हणतो. तोच असेल तर त्याला डी म्हणायला कुणाची हरकत होती?

तक्रार दुसरी. फाइलच्या नावातला इंग्रजी बी एकदा मोठा आणि एकदा लहान पडला, तर आपण त्या दोन वेगळ्या फायली मानता. आम्ही देवनागरीतली माणसं. अक्षरांत लहान-थोर असतं हेच आम्हाला पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर कळलं. विजेच्या बिलाचा बी आम्ही आजवर हाताला येईल तसा लिहिला आणि विंडोजने तो मुकाट्याने चालवून घेतला. आपण मात्र एकाच महिन्याची दोन बिलं शेजारी-शेजारी मांडून ठेवता आणि भरलेलं कोणतं, ते आम्हाला विचारता.

तक्रार तिसरी. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीही उमटत नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. मागे उभ्या असलेल्याला अक्षरांची संख्यासुद्धा कळू नये, असा हेतू असल्याचं समजलं. हेतू थोर आहे, परंतु आमच्या घरात मागे उभं राहणाऱ्या प्रत्येकाला पासवर्ड आधीच ठाऊक आहे.

तक्रार चौथी. डेस्कटॉपवर उजवं बटण दाबलं की ‘रिफ्रेश’ येत नाही. रिफ्रेशने संगणकाचा वेग वाढत नाही, चिन्हं तेवढी पुन्हा रंगवली जातात, हे मला मान्य आहे. पण ते चार-पाचदा केल्याशिवाय आमच्या पिढीचा हात कामाला वळत नाही. याला आम्ही संगणकज्ञान समजत आलो.

तक्रार पाचवी, सर्वांत गंभीर. आपण विचारता. सुरक्षेची अपडेटं मागच्या मागे घेता, पण संगणक परस्पर बंद करून पुन्हा चालू करत नाही. नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आला तर नम्रपणे कळवता आणि आमच्या सवडीची वाट पाहता. त्यामुळे ‘अपडेट चालू होतं, म्हणून लेख राहिला’ हे संपादकांना सांगायचं हुकमी कारण आपण माझ्या हातून काढून घेतलंत. या नुकसानीची भरपाई कोण करणार?

बरं, आपण लहानसहान असता तर दुर्लक्ष केलं असतं. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने आपल्या या प्रणालीची घोषणा केली, तेव्हा हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंच कळवलं होतं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीवर धडे गिरवतात. अँड्रॉइडच्या मुळाशीही आपलाच कर्नल. म्हणजे ‘हे लिनक्स आपल्याला जमायचं नाही’ असा निरोप मी भाच्याला ज्या फोनवरून धाडला, तो फोनही आपलाच माणूस निघाला.

माघारीचा दाखला माझ्याकडे आहे. म्युनिकच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. तिथल्या वादात बाहेरच्या कार्यालयांशी फायलींची देवाणघेवाण हा एक मुद्दा होता. त्याच मुद्द्यावर माझी शेवटची तक्रार आहे.

माझे जुने लेख मी आपल्याकडे उघडले, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा खच. भाच्याने खुलासा केला : कृतिदेव ०१० सारखा फॉन्ट ‘क’ साठवतच नाही. तो इंग्रजी लहान ‘डी’ साठवतो आणि त्यावर ‘क’चं चित्र चढवतो. फॉन्ट नसला की सोंग उतरतं. याउलट युनिकोडमध्ये लिहिलेले अलीकडचे लेख आपल्याकडे जसेच्या तसे, काना-मात्रेसह उघडले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. तेव्हा ही तक्रार आपल्या पत्त्यावर पाठवण्यात अर्थ नाही, असं भाचा म्हणतो. पण ती टाइप झालेली आहे, म्हणून सादर.

तरी आपण डेस्कटॉपवर रिफ्रेशचं बटण बसवावं (त्याने काही केलं नाही तरी चालेल), दिखाव्यापुरता एक डी ड्राइव्ह द्यावा आणि लेख द्यायच्या दिवशी तरी न विचारता बंद पडावं, ही विनंती.

कळावे,
आपला (नाइलाजाने),
एक जुना वापरकर्ता

प्रत माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी :

१. धडधाकट संगणक भंगारात द्यायला निघालेले सर्वजण. लिनक्स आत न टाकता, पेनड्राइव्हवरूनच सुरू करून पाहता येतं. आधी ते पाहा, मग भंगारवाल्याला फोन करा.

२. कृतिदेव आणि तत्सम फॉन्टांत आजही लिहिणारे लेखक, मुद्रक, शाळा व ग्रामपंचायती. विंडोजवर राहा, लिनक्सवर जा, मन मानेल तिथे नांदा. पण जुना मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, आणि तो फॉन्ट चालणारा संगणक घरात आहे तोवरच करून घ्या.