गतप्राण ट्रॅक्टर : लक्षणे, परीक्षा आणि मूल्यनिर्णय

खरसुंडीच्या किंवा सांगोल्याच्या बाजारात खिलार खोंड पारखणाऱ्या शेतकऱ्यास शास्त्राची उणीव कधी भासली नाही. जबडा उघडून दात पाहावेत, आदत, दोनदाती, चारदाती की जुळलेला हे ठरवावे, अंगावरचे भोवरे न्याहाळावेत, दहा पावले चालवून चाल पाहावी आणि मग रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी किंमत पक्की करावी, अशी ही विद्या बापाकडून मुलाकडे बिनबोभाट चालत आली आहे. परंतु बाभळीखाली चार पावसाळे काढलेला, पुढची दोन्ही चाके मातीत रुतलेला आणि ज्याच्या सीटखाली गावातील एखादी कोंबडी नेमाने अंडी घालते असा ट्रॅक्टर जेव्हा विक्रीस निघतो, तेव्हा हाच जाणता पुरुष त्याच्या बॉनेटवर दोन थापा मारतो, टायरास एक लाथ घालतो आणि एवढ्या परीक्षेवर विसाराची रक्कम मोजून मोकळा होतो. ही शोचनीय अवस्था दूर व्हावी, एवढ्याच हेतूने प्रस्तुत मार्गदर्शिकेची रचना केली आहे.

१. कुलनिर्णय

प्रथम विक्रीस आलेल्या वस्तूचे घराणे निश्चित करावे. या कामी बॉनेटवरील नावाचा काडीइतकाही उपयोग नाही. कारण बॉनेट ही जुन्या ट्रॅक्टरांत परस्पर देवाणघेवाणीची वस्तू असून, एका घराण्याचे शिर, दुसऱ्याचे धड आणि तिसऱ्याची पुढची चाके एकाच देहात नांदताना आढळतात. ट्रॅक्टर कोणाचा, हे इंजिन व गिअरबॉक्स सांगतात. त्यांवर ठोकलेले अंक रॉकेलच्या बोळ्याने पुसून वाचावेत. अंकांभोवतीचे लोखंड कानशीने घासलेले दिसल्यास विक्रेत्याच्या घरचा चहा घ्यावा, पावसापाण्याची चौकशी करावी आणि सन्मानपूर्वक निरोप घ्यावा.

आपल्याकडे आढळणारी प्राचीन घराणी मोजकी आहेत. १९५९ साली फरीदाबादेत तयार झालेला आयशर हा त्यांतील वडीलधारा. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि महिंद्र यांनी १९६३ साली उभारलेल्या कंपनीचा बी-२७५ मुंबईत कांदिवलीस जन्मला. मॅसी फर्ग्युसन १०३५ हा चेन्नईचा, पोटात सिम्प्सनचे तीन सिलिंडरांचे इंजिन बाळगणारा. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचा वारसा सांगणारा एचएमटी २५११ हा १९७१ पासून पिंजोरच्या कारखान्यातून निघू लागला. तर दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेत आराखडा होऊन १९७४ साली पंजाबात अवतरलेला स्वराज ७२४ हा परकीय सहकार्यावाचून झालेला. ही वंशावळ पाठ करण्याचे प्रयोजन निव्वळ व्यावहारिक आहे. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला, तेव्हा त्याचा एखादा अवयव निकामी झाल्यास दुसऱ्या मृत एचएमटीचा शोध घेणे बहुधा प्राप्त होते. उलट १०३५ चा वॉशर तालुक्याच्या गावी सायकलच्या दुकानाशेजारीही सापडतो. ट्रॅक्टरांतील कुलीनता कीर्तीवर अवलंबून नसून, सुटा भाग एस. टी. च्या एका फेरीत हाती येतो की नाही यावर ठरते.

२. बहिरंगपरीक्षा

ताजा रंग हे अशुभ लक्षण होय. ज्या विक्रेत्याने वीस वर्षांत ट्रॅक्टरावर पाण्याची बादली ओतली नाही त्याने विक्रीच्या आठवड्यात त्यास नखशिखान्त रंगवावे, यामागे सौंदर्यदृष्टीखेरीज अन्य कारण असले पाहिजे. अशा वेळी रबरी पाइपांवर, ग्रीसच्या निपलांवर आणि वाळलेल्या चिखलावरही रंग बसला आहे काय हे पाहावे, आणि गिअरबॉक्सच्या घरावरून व पुढच्या अ‍ॅक्सलवरून बोट फिरवावे. डोळ्यांस न दिसणारी वेल्डिंगची शीर बोटास बिनचूक लागते.

“घरच्या शेतीशिवाय कुठे गेला नाही,” हे वाक्य विक्रेता बोलेलच. त्याचा प्रतिवाद न करता ट्रॅक्टराच्या मागे जाऊन वाकावे आणि ड्रॉबारच्या भोकात बोट घालावे. भोक गोल असल्यास विक्रेता सत्यवचनी आहे. ते लांबट झाले असल्यास, हा ट्रॅक्टर हंगामामागून हंगाम उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याच्या रांगेत उभा राहिला आहे असे समजावे. मागच्या टायरांची नक्षी मध्यभागी डांबरी रस्त्याने झिजलेली दिसल्यास या अनुमानास पुष्टी मिळते. तासांचा मीटर पाहावा, परंतु त्यावर विश्वास ठेवू नये. दोन हजार तासांवर मीटर थांबलेला असतो, ट्रॅक्टर थांबलेला नसतो. त्यापेक्षा क्लचच्या पेडलाकडे पाहावे. पेडलावरील खाचा जाऊन लोखंड गुळगुळीत झाले असेल आणि उजवीकडची कड डावीपेक्षा खाली गेली असेल, तर त्या पेडलाने मीटरपेक्षा पुष्कळ अधिक आयुष्य पाहिले आहे.

३. अंतरंगपरीक्षा

ट्रॅक्टर चालू होतो असा विक्रेत्याचा दावा असल्यास ठरल्या वेळेच्या तासभर आधी जावे आणि नमस्कार करण्यापूर्वी सायलेन्सरवर तळहात ठेवावा. तो गरम लागल्यास नाटकाची रंगीत तालीम उरकली आहे, हे ओळखून इंजिन निवेपर्यंत गप्पा माराव्यात. थंड इंजिन चालू केल्यावर काळा धूर निघाल्यास नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर, निळा निघाल्यास ऑईल जाळणाऱ्या रिंगा, आणि गरम झाल्यावरही पांढराच राहिल्यास सिलिंडरात शिरलेले पाणी अथवा न जळलेले डिझेल, असा या विषयातील सर्वमान्य संकेत आहे. ब्रीदरमधून भकाभका वाफ येत असेल तर इंजिन बसले असे मानून पुढील बोलणी करावी. नांगर जोडलेला असल्यास त्यावर दोन धडधाकट माणसे उभी करून लिफ्ट उचलावी व इंजिन बंद करावे. माणसे वरच राहिल्यास हायड्रॉलिक शाबूत आहे, आणि पाहता पाहता जमिनीवर आल्यास त्या दोघांस साक्षीदार म्हणून बरोबर घ्यावे.

परंतु बहुतेक प्रसंगी ट्रॅक्टर चालूच होत नाही, आणि त्यास विक्रेत्याचे कारण तयार असते. “फक्त बॅटरी टाकायची,” “नोझल तेवढं साफ करायचं,” किंवा “चालता चालता लावलाय, बघा,” अशी ही निवेदने असून, विक्रेता ज्या अवयवास दोष देतो तो अवयव बहुधा निर्दोष असतो, हा नियम ध्यानी ठेवावा. ऑईलची पट्टी उपसून पाहावी. ऑईल दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे. पातळी वाढलेली असून डिझेलचा वास येत असल्यास पंप गळतो आहे. आणि बोटावर चकाकणारे कण उरल्यास ते बेअरिंगचे अस्थिविसर्जन समजावे. नंतर पुढच्या पुलीच्या नटास मोठा पाना लावून क्रँक फिरवावी. ती जोर खाऊन अडली व मग सुटली, तर कॉम्प्रेशन जिवंत आहे. विनासायास गरगर फिरली तर आनंद मानू नये, कारण आत दाब धरणारे काही उरलेले नाही. आणि जागची हलली नाही तर इंजिन जाम आहे. या शेवटच्या आपत्तीचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते: उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा पत्र्याचा डबा पालथा घालण्याचे राहून जाते, पाऊस त्या वाटेने उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात उतरतो, आणि दोन पावसाळ्यांत रिंगा स्लीव्हशी गंजून एकरूप होतात.

४. दस्तऐवज

येथवर टिकून राहिलेल्या खरेदीदाराने आता आरसी बुक मागावे. ते बहुधा ट्रंकेत, ट्रंक थोरल्या भावाकडे, आणि थोरला भाऊ पुण्यास असतो. तथापि नेट सोडू नये. शेतीच्या ट्रॅक्टराची नोंदणी १५ वर्षे चालते व पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण लागते. मालकी बदलण्यास नमुना २९ व ३० भरावे लागतात. आणि ट्रॅक्टर कैलासवासी आजोबांच्या नावे असल्यास, जे वारंवार घडते, वारसांना आधी नमुना ३१ चा मार्ग धरावा लागतो. बँकेच्या नजरगहाणाची नोंद पुस्तकात असल्यास कर्ज फिटल्याची तोंडी ग्वाही निरर्थक असून, बँकेच्या सहीचा नमुना ३५ हाच तेवढा पुरावा होय. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, तीही विचारावी. या प्रश्नाने विक्रेत्याच्या मुद्रेवर उमटणारा भाव पाहण्यासाठी तरी विचारावी. ज्यास कागद आहेत पण इंजिन नाही अशा ट्रॅक्टराचा उद्धार संभवतो. ज्यास इंजिन आहे पण कागद नाहीत, तो कायद्याच्या दृष्टीने केवळ वजन आहे.

५. मूल्यनिर्णय

आता गणिताकडे वळू. समजा, त्याच मॉडेलचा चालू ट्रॅक्टर पंचक्रोशीत २ लाखांस जातो. मिस्त्रीने इंजिन बांधण्याचा अंदाज ६० हजार सांगितल्यास तो दीडपट करून ९० हजार धरावा, कारण इंजिन उघडल्यावर मिस्त्रीस जे दिसते ते उघडण्यापूर्वी दिसत नाही, असा शिरस्ता आहे. टायर व बॅटरी ४५ हजार, वाहतूक आणि कागदपत्रे २० हजार; एकूण वजावट १ लाख ५५ हजार, बाकी ४५ हजार. दुसरीकडे, दीड-दोन टनांच्या या देहाचे १७०० किलो भंगार समजा किलोस २५ रुपयांनी गेले, तर साडेबेचाळीस हजार होतात. म्हणजे शास्त्र आणि भंगारवाला यांच्यात अवघ्या अडीच हजारांचे अंतर आहे, आणि विक्रेता मात्र १ लाख १० हजारांवर अडून बसला आहे.

मधले हे ६५ हजार कशाचे, असा प्रश्न चिकित्सक वाचकास पडेल. ते ट्रॅक्टराचे नव्हेत. ते खरेदीदाराच्या हौसेचे आहेत, आणि विक्रेत्याने त्यांचा हिशेब खरेदीदार फाटकातून आत आला तेव्हाच केलेला असतो. म्हणून सौद्यास जाताना ज्यास ट्रॅक्टर नको आहे असा एक मनुष्य बरोबर न्यावा. मिस्त्री नेल्यास तो पुढे दुरुस्ती करणारा नसावा, आणि त्याची मजुरी सौद्यापूर्वी द्यावी. क्रँक फिरल्याशिवाय व पुस्तक हाती आल्याशिवाय विसार देऊ नये. आणि इतके सांगूनही जो तो ट्रॅक्टर घेईल, त्याने वरचे ६५ हजार हौसेच्या खात्यात लिहावेत. शेतीच्या खात्यात लिहिले तर शेती तोट्यात दिसते, आणि दोष विनाकारण पावसास लागतो.