वही आबांची, स्टेटमेंट बँकेचं

आबा धुळ्यात, मी जळगावात आणि खातं दोघांच्या नावावर. आबांचा रोजमेळ लाल कापडी वहीत. दर लक्ष्मीपूजनाला नवी वही, पहिल्या पानावर ‘श्री’. स्टेटमेंट येतं माझ्या मोबाइलवर, पण पासवर्डशिवाय तोंड उघडत नाही. महिनाअखेरीला फोनवरून या दोघांची सोयरीक जुळवायची असते.

पहिला खटका जमा-नावेचा. आबांनी बँकेत पैसे भरले की वहीत ते बँकेच्या नावे पडतात; बँक तेच आमच्या खात्यात जमा दाखवते. कारण तिच्या लेखी आपण घेणेकरी, ती देणेकरी. आबांना हे मनापासून पटलंय. “देणेकऱ्यानं वरून एसएमएसचे पैसे कापायचे, त्यावर 18 टक्के जीएसटी! असा देणेकरी आपल्या गल्लीत टिकला असता का रे भाऊ?”

मे महिन्यात दोन रकमा गेल्या : 20 आणि 436. दोन्ही माझ्या सरकारी विम्याच्या. मी समजावलं, वीस रुपयांत अपघाताचे दोन लाख. चारशे छत्तीसमध्ये मरण कसंही येवो, दोन लाख. आबांनी क्षणभर हिशेब केला. “म्हणजे अपघातानंच जायचं ठरवलंस तर 416 वाचतात.” आईनं मागून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

यूपीआयनं तर घरात आगच लावली. एका बाईंच्या नावावर आबांकडून महिन्यात तीनदा पैसे गेले होते. मी भाबडेपणानं नाव मोठ्यानं वाचलं, फोन होता स्पीकरवर. पलीकडे शांतता. मग आईचा अतिशय गोड आवाज : “कोण हो या?” शेवटी उलगडा झाला, कोपऱ्यावरच्या शेववाल्यानं क्यूआर कोड सुनेच्या खात्याचा लावलाय. आबांची सुटका झाली, पण डॉक्टरांनी बंद केलेली तिखट शेव महिन्यात तीनदा आली हेही उघड झालं.

एवढं होऊन, एक न वटलेला चेक सोडला तर फरक उरला 180 चा. “नवानं भाग जातो का बघ,” आबा म्हणाले. गेला. “मग आकडे उलटसुलट झालेत कुठंतरी.” जुन्या दिवाणजींची ही विद्या अचूक असते : शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नवानं भाग जातोच. वीजबिल सापडलं. बँकेत 1,530, वहीत 1,350. वहीतलं अक्षर आबांचंच. “बोर्डानंच उलटं छापलं असेल,” म्हणत त्यांनी खाडाखोड केली.

राहिला तो 1,101 चा चेक. चोपड्याच्या भाच्याला लग्नात दिलेला आहेर, त्यानं भरलाच नाही. वहीत गेलेले, बँकेत असलेले. चेकची मुदत तीन महिन्यांची, तीही कधीच टळली. मी म्हटलं, नोंद उलटवून टाका.

“त्यानं भरला नाही म्हणून मी दिला नाही, असं होतं का?”

आईनं तोडगा काढला : त्याच रकमेत त्याच्या बाळाच्या बारशाला चांदीचे वाळे घालू. “तू जळगावात आहेस, सराफ बाजारात विचार.”

विचारलं. भाव ऐकला आणि लगेच आबांना फोन केला, भाच्याला दुसरा चेकच लिहून द्या.