मॉरिशसमध्ये बिऱ्हाड : हौशी कुटुंबांसाठी मार्गदर्शिका

मॉरिशसला बदली झाल्याची बातमी नात्यागोत्यात पसरायला अर्धा तास पुरतो. त्यानंतर कुटुंबाने करायचं पहिलं काम म्हणजे घर शोधणं नव्हे, तर घर कसं असणार हे ठरवून टाकणं. त्यासाठी बेटाची माहिती लागत नाही. पांढरे पडदे, वेताचा झोपाळा, समोर निळं पाणी आणि हातात शहाळं, एवढं चित्र प्रत्येक मराठी घरात तयारच असतं, कारण कुठला तरी चुलतभाऊ हनिमूनहून तसा फोटो पाठवून बसलेला असतो. तो तिथे पाच रात्री राहिला होता आणि त्या हॉटेलात गंज पुसायला माणसं नेमलेली होती, या तपशिलाकडे या टप्प्यावर लक्ष देऊ नये.

सामानाबाबतचा नियम साधा आहे. जे तिथे मिळतं ते आवर्जून न्यावं. उदाहरणार्थ, पाटा-वरवंटा. सासूबाईंनी दिलेला पाटा जुन्या गोधडीत गुंडाळून, वर फोम लावून, 'नाजूक वस्तू' असा शिक्का मारून न्हावाशेव्याला रवाना करावा. पोर्ट लुईला तो सुखरूप उतरतो, पाट्याला काय धाड भरणार! मग कधीतरी शेजारच्या आजींच्या मागच्या अंगणात काळ्या दगडाचा तसाच पाटा दिसतो. तिथे त्याला 'रोश कारी' म्हणतात आणि वरवंट्याला 'बाबा'. बेटच ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे काळ्या बेसाल्टची ददात नाही. आपण बेसाल्टच्या सह्याद्रीतून बेसाल्टच्या बेटावर साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतर बेसाल्ट वाहून आणला, हे त्या आजींना सांगू नये. त्या हसत नाहीत, पण सुनेला बोलावून पाटा दाखवतात.

कंटेनरबरोबर सामानाची यादी द्यावी लागते आणि ती इंग्रजीत असावी लागते. इथे कुटुंबातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला कामाला लावावं. पोळपाट, पाट, चौरंग आणि पाट्याच्या चार नोंदी तो 'गोल लाकूड', 'बुटकं लाकूड', 'पाय असलेलं लाकूड' आणि 'दगड' अशा करील. पुरणयंत्रापाशी त्याची बुद्धी संपते. तिथे 'हाताने फिरवायचं यंत्र, धार्मिक' असं लिहून मोकळं व्हावं. सामान वापरातलं असावं अशी कस्टम्सची अपेक्षा असल्यामुळे आहेरात आलेला नवाकोरा स्टीलचा सेट निघण्यापूर्वी आठवडाभर वापरून त्याला थोडे पोचे पाडून घ्यावेत. तुळशीची कुंडी मात्र नेऊ नये. परवान्याशिवाय रोपं, बिया आणि माती आत येऊ न देण्याबाबत हे बेट कडक आहे. शिवाय तिथली निम्मी वस्ती हिंदू आहे, आणि अंगणातल्या लाल झेंड्याच्या शेजारी तुळस दिसली नाही असं घर शोधावं लागेल.

मिक्सर न्यावा. दाब तिथेही 230 व्होल्ट, त्यामुळे तो उत्तम चालेल. भिंतीतल्या भोकांत मात्र तो जाणार नाही. भोकं ब्रिटिश पद्धतीची चौकोनी, क्वचित फ्रेंच पद्धतीची गोल. 1810 पर्यंत फ्रेंच होते, नंतर 1968 पर्यंत इंग्रज; दोघेही गेले, पण आपापली भोकं ठेवून गेले. मधल्या काळात लाखो गिरमिटिये भारतातून आले, त्यांच्या पिनेचा विचार कोणी केला नाही. तेव्हा ॲडॅप्टर भरपूर न्यावेत.

आता जागा. इथे घाई करू नये, कारण बेटावर घर घेणं म्हणजे आपलं फर्निचर कशाने मरणार हे निवडणं होय.

समुद्राकाठी घेतलंत, म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ग्राँ बे वगैरे भागात, तर ते खाऱ्या वाऱ्याने मरेल. सुरुवात बिजागरीपासून होते. पहिल्या पावसाळ्यानंतर फ्रिजच्या पायांभोवती फरशीवर तांबूस रांगोळी उमटते. मग एसीचा बाहेरचा डबा, मग गॅसच्या शेगडीचे खिळे, मग कपाटाची किल्ली. किल्ली कुलपातच राहते आणि मुठीत फक्त तिचं डोकं येतं. लोखंडी पलंग घेतला असेल तर तो रात्री कुशीवर वळताना बोलू लागतो. एवढ्याने खचून जाऊ नये. समुद्र दिसतोय ना, मग तिकडे बघावं.

खारा वारा नको असेल तर वर, मध्यपठारावर, क्युरपीपला जावं. उंची साधारण साडेपाचशे मीटर. हवा थंड, पाऊस मुबलक, धुकं फुकट. तिथे गंज कमी आणि बुरशी भरपूर. कपाटात ठेवलेले चामड्याचे बूट काढावेत तर त्यांवर हिरवट मखमल चढलेली असते. पुस्तकांची पानं एकमेकांना धरून बसतात. लग्नातला शालू हवा खायला बाहेर काढला तर आणखी दमट होऊन आत जातो. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा. त्या दिवसांत 'बेटावर आहेस आणि स्वेटर काय घालतेस' हा पुण्याहून येणारा प्रश्न चेहरा सरळ ठेवून ऐकावा लागतो.

दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे मोका-एबेनच्या बाजूचा फ्लॅट, नोकरीच्या टॉवरजवळ. तिथे दर महिन्याला 'सिंडिक' नावाची रक्कम भरावी लागते. घाबरू नये, तो सोसायटीचा मेंटेनन्स आहे आणि त्यावरून होणारी भांडणंही तीच आहेत, फक्त फ्रेंचमध्ये. समुद्र दिसत नाही आणि धुकंही नसतं. कार्ट्यांचे पाय वाळूत नाहीत म्हणून आजी फोनवर हळहळतात. फर्निचरच्या दृष्टीने ही जागा सर्वांत बरी, म्हणूनच इथे राहायला कोणी तयार होत नाही.

जागा ठरली की वास्तुशास्त्र. या विषयावर इथे सविस्तर लिहिणं भाग आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहे. म्हणजे सूर्य उगवतो पूर्वेलाच, पण वर्षाचा बराचसा काळ दुपारी तो उत्तरेकडून जातो; डिसेंबरच्या आगेमागे काही आठवडेच जरासा दक्षिणेला सरकतो. आपल्याकडे जी दक्षिण तापते ती तिथे गार आणि उत्तरेची खिडकी तापलेली. कुबेराची दिशा म्हणून तिजोरी उत्तरेच्या भिंतीला लावावी, तर दुपारी तिला हात लावता येत नाही. बचत होते, हे खरं.

स्वयंपाकघराचं त्याहून अवघड. शास्त्राप्रमाणे अग्नी आग्नेयेला. बेटावर वर्षातले बहुतेक महिने व्यापारी वारे वाहतात ते नेमके आग्नेयेकडून. आग्नेयेची खिडकी उघडी ठेवून शेगडी पेटवली की अग्नी वायूला शरण जातो. खिडकी लावली की फोडणीचा ठसका घरभर फिरतो आणि फायर अलार्म सगळ्या मजल्याला तुमच्या घरी आमटी असल्याची वर्दी देतो. पुण्यातल्या सल्लागारांना व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं तर ते फोनमधलं होकायंत्र तीनदा फिरवायला लावतील आणि शेवटी पिरॅमिड ठेवायला सांगतील. ठेवावा, पण पितळी. बाकी धातूंचं काय होतं ते वर आलंच आहे.

फर्निचरच्या खरेदीला आता सुरुवात करता येईल. दुकानात तीन प्रकार दिसतात. एक, फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या काळाच्या धाटणीचं भक्कम लाकडी सामान, ज्याची किंमत विचारल्यावर विक्रेता तुम्हाला खुर्ची देतो. त्या खुर्चीचीही किंमत असते. दोन, परदेशातून आलेला भुशाच्या फळीचा माल, चकचकीत आणि स्वस्त. ही फळी दमट हवेत पुरीसारखी फुगते आणि मग खण बंद करण्याचा प्रश्न कायमचा मिटतो. तीन, वेत, बांबू, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम, म्हणजे तिथली माणसं प्रत्यक्षात व्हरांड्यात वापरतात ते. नवागत कुटुंबाने तिसऱ्याकडे बघू नये. पहिल्याचा फोटो काढावा, दुसरा घ्यावा आणि वर्षभराने तिसऱ्याकडे यावं, हा शिष्टसंमत क्रम आहे. सागवान आणला असेल तर त्याला वाळवी लागणार नाही म्हणून निर्धास्त राहावं. ती शेजारच्या आंब्याच्या पाटाला लागेल आणि तिथून तुमच्या दाराच्या चौकटीत जाईल. मालक चौकटीवर बोट दाबतो, बोट आत जातं, आणि तो 'कोरेक, कोरेक' म्हणत निघून जातो.

पडद्यांसाठी क्वात्र बोर्नचा बाजार. कापड स्वस्त, घासाघीस चालते. मॉरिशसचाही रुपयाच असल्यामुळे किंमत ऐकून आनंद होतो. तिथला एक रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांचा, हे घरी आल्यावर आठवतं. पांढरे पडदे घ्यावेत. आग्नेयेचा वारा ते आडवे धरतो आणि फोटो छान येतो, तो लगेच चुलतभावाला पाठवावा. नंतर पडद्यांना गाठी मारून ठेवाव्यात.

सजावटीत डोडो अनिवार्य आहे. हा पक्षी सतराव्या शतकातच संपला, परंतु त्यानंतर त्याची संख्या झपाट्याने वाढली असून आज तो टॉवेल, चहाचे कप, दाराचे अडसर आणि फ्रिजवरची चुंबकं अशा सर्व अधिवासांत आढळतो. एका खोलीत एक डोडो ही मर्यादा पाळावी. शोकेस रिकामी दिसत असेल तर जुन्या गलबतांच्या लाकडी प्रतिकृती घ्याव्यात. फ्लोरेआल-क्युरपीपचे कारागीर त्या दोऱ्या-शिडांसकट इतक्या बारकाईने करतात की आपण बोटीने पाटा का पाठवला असा प्रश्न पडतो.

चक्रीवादळाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. इशारे एक ते चार क्रमांकांचे. पहिल्याला नवागत घाबरतात आणि जुने लोक ब्रेड आणायला जातात. दुसऱ्याला शाळा सुटते. तिसऱ्याला सर्व बंद, घराबाहेर पडायचं नाही. चौथा म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत येऊन पोचले. हे थट्टेचं प्रकरण नाही. 1960 साली आधी ॲलिक्स आणि मग कॅरोल अशी दोन वादळं लागोपाठ आली आणि पत्र्या-लाकडाची हजारो घरं गेली. तिथली आजची सपाट छपराची सिमेंटची घरं, ज्यांना आपण पहिल्या दिवशी 'काही सौंदर्यदृष्टी नाही' म्हणून नाक मुरडलं, ती त्या वर्षानंतरची शहाणीव आहे. तेव्हा दुसरा इशारा आला की गच्चीवरचा वेताचा झोपाळा, मेज, कुंड्या आणि पितळी पिरॅमिड सगळं दिवाणखान्यात आणावं. बादल्या भरून ठेवाव्यात. बाहेर ठेवलेली खुर्ची तुमची राहत नाही, ती परिसराची होते. वादळाचे दोन दिवस त्या सामानाच्या ढिगात बसून काढताना कुटुंबाला पहिल्यांदाच कळतं, की बसायला लागतात चार खुर्च्या आणि उरलेलं सगळं ओलांडायला लागतं.

शेजाऱ्यांशी संबंध जोडताना सांस्कृतिक आदानप्रदानाची तयारी ठेवावी. 'इथे मराठी कोणी नसेल, आपणच काहीतरी सुरू करू' असा विचार करून गणपतीचं निमंत्रण छापायला द्यावं. मग कळतं, की गणेशचतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे. कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या लोकांची पाचवी-सहावी पिढी कास्काव्हेलसारख्या गावात गणपती वाजतगाजत पाण्यात नेते, त्यापुढे जाखडी नाचते आणि तिला झाकरी म्हणते. समोरच्या दारावरची पाटी तुम्ही फ्रेंच आडनाव समजून रोज ओलांडली, ते मूळचं मराठी नाव इंग्रज कारकुनाने ऐकू आलं तसं लिहून घेतलेलं असतं. त्या घरातल्या काकू क्रिओलमध्ये तुमची चौकशी करतील आणि ताटलीभर पुरणाच्या पुऱ्या पाठवतील. आपलं पुरणयंत्र अजून कस्टम्सच्या 'धार्मिक' रकान्यात अडकलेलं असतं. ताटली रिकामी परत करू नये, एवढी रीत दोन्हीकडे सारखी आहे. मोदक शिकवायला जाऊ नये.

पाहुण्यांसाठी वेगळी खोली ठेवायची की नाही, यावर मतभेद आहेत. भारतीय पासपोर्टवर पर्यटनाला आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि मुंबईहून विमान सहा-सात तासांत पोचतं, हे तुमच्या नातेवाइकांना तुमच्याआधी कळलेलं असतं. सोफा-कम-बेड घेतला की त्याची बातमी होते. आमचं मत असं, की सोफा साधाच घ्यावा आणि पाहुण्यांना डिसेंबरात बोलवावं. त्या वेळी तिथे आंब्याचा हंगाम असतो. आलेला माणूस 'हापूसची सर नाही' हे सिद्ध करण्यात आठवडाभर रमतो आणि गाद्यांविषयी तक्रार करत नाही.

करार संपला की घर मोडायचं. इथे भाषेकडे लक्ष द्यावं. जाहिरातीत गंजाला 'सागरी छटा', बुरशीला 'जुन्या काळचा बाज' आणि फुगलेल्या फळीला 'भरीव' म्हणावं. खरेदीदार शोधावा लागत नाही. नुकतंच उतरलेलं कुटुंब हातात चुलतभावाचा फोटो घेऊन येतंच आणि झोपाळ्याकडे बघून गप्प होतं. त्यांनी उत्तर कुठली असं विचारलं तर बोटाने दाखवावी, अधिक बोलू नये. पाटाही त्यांना देऊन टाकावा. ते आपला घेऊन आलेले असतील, पण पाट्याला कोणी नाही म्हणत नाही. ॲडॅप्टर मात्र विकू नयेत. तिथे हौसेने घेतलेला टोस्टर पुण्याला नेल्यावर भिंतीत जाणार नाही, तेव्हा ते उलट्या बाजूने लागतात. ते उलट्या बाजूने चालत नाहीत, हे विमानात बसल्यावर कोणीतरी सांगतं.