त्रेचाळीसला आठ

बुलढाणा शहरापर्यंत रेल्वे काही आली नाही. ती खाली मलकापूर, नांदुरा, शेगावावरून सरळ निघून गेली. त्यामुळे जे काही वर आणायचं ते राजूर घाटातून, रबरी चाकांवर: सिमेंट, सरकी, शाळेचे बाक, लग्नाचं वऱ्हाड. म्हणूनच असेल, आमच्याकडे जुनी गाडी बघायला आलेला माणूस बॉनेटपाशी रेंगाळत नाही. तो सरळ मागे जातो, गुडघे वाकवतो, धोतर असेल तर सावरतो आणि गाडीखाली डोकावून मागच्या ॲक्सलकडे बघतो. रंग, काचा, सीट कव्हर या गोष्टी नंतर, चहाच्या वेळी.

ही जुनी गाडी बहुधा जीप असते, आणि मी म्हणतो ती उंच नाकाची, सीजे-थ्री-बी. विलीजने ती १९५३ साली अमेरिकेत काढली. नवं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं आणि गाडीला कायमचा नाक वर करून चालल्याचा आव आला. तिकडे १९६८ मध्ये ती बंद झाली. इकडे महिंद्राने मात्र ती पुढेही बरीच वर्षं बनवली आणि आमच्या काळ्या जमिनीत तिने असा काही जम बसवला, की तिचं माहेर कोणतं हे सगळे विसरून गेले. मागे समोरासमोर दोन बाकं. त्यांवर किती माणसं मावतात याचं उत्तर कोणी कधी नक्की दिलं नाही, कारण प्रश्न विचारेपर्यंत आणखी एक चढलेला असे. आम्ही पोरं चाकावरच्या पत्र्याला चिकटून बसायचो. खालून एक बारीक, लांब सूर यायचा, चढाला जाड आणि उताराला बारीक. मेहकरहून आत्या येत असली की तो सूर गल्लीच्या तोंडाशीच ओळखू यायचा आणि आजी दूध तापत ठेवायची. मिस्त्रीच्या मते तो क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकं, झिजल्याचा आवाज होता. असेल. आमच्या घरात त्यावर दुधाचं पातेलं चढत होतं, एवढं खरं.

अशा जीपला मागे जास्त ताकदीचा ॲक्सल टाकावा, हा विचार माणसाच्या मनात बहुधा घाटात येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग होता: गाडीचं वजन बाहेरच्या हाउसिंगवर, आतल्या शाफ्टने फक्त फिरायचं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहायचं. पुढच्या मुलकी जीपमध्ये सेमी-फ्लोटिंग आला. त्यात वजनही शाफ्टनेच पेलायचं आणि फिरायचंही त्यानेच. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर चाकाचा हब बसतो, आणि दोघांना धरून ठेवायला एका खाचेत करंगळीपेक्षा बारीक अशी एक चावी. शाफ्ट तुटतो तो बहुतेक वेळा त्या खाचेपाशीच. त्यात मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवायची लाट आली. इंजिन बदललं, मागे कापसाची ट्रॉली लागली, माणसं तर आधीपासून होतीच. ॲक्सल तेवढा जुना राहिला आणि खाचेतली ती चावी सगळ्यांची सोय बघत राहिली.

मग शोध सुरू होतो. जुना हायवे क्रमांक ६, आता तो ५३ झाला आहे, मलकापूरवरून खामगावकडे जातो. त्याच्या कडेला तोडलेल्या गाड्यांचे ॲक्सल ओळीने पडलेले दिसतात. पिकअपचा असा एखादा जाडजूड ॲक्सल दिसला की जीपवाल्याचे डोळे चमकतात. तो त्यावर पाय ठेवून उभाही राहतो. याने नेमकं काय कळतं ते मला आजवर समजलेलं नाही, पण ठेवल्याशिवाय सौदा होत नाही. नंतर टेप निघतो. जीपच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम चार फूट. पिकअपचा ॲक्सल त्याहून रुंद, म्हणजे चाकं मडगार्डबाहेर. स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक जुळत नाही. हबचे बोल्ट वेगळे. ब्रेकचा पाइप आखूड पडतो.

एवढं सगळं वेल्डिंग करून जमवलंच, तरी मजबूत ॲक्सल हा पतसंस्थेत नव्याने आलेल्या कडक सचिवासारखा असतो. तो स्वतः मोडत नाही. मग आजवर निवांत असलेले एकेक जण मोडायला लागतात. आधी प्रॉपलर शाफ्टचा क्रॉस, मग ट्रान्सफर केस, मग गिअरबॉक्स. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हे फार थोडक्यात सांगितलं होतं: ‘काईतरी तं तुटीनच, भाऊ. काय तुटू द्याचं ते आपून ठरवाचं.’ आणि रस्त्याच्या कडेला बसून शाफ्ट बदलता येतो, गिअरबॉक्स नाही, हेही त्यानेच जोडलं.

पण त्या मिस्त्रीचा खरा जीव दातांमध्ये होता. या जीपच्या क्राउनला दात ४३ आणि पिनियनला ८. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनकडून येणारा शाफ्ट जवळजवळ साडेपाच वेळा फिरतो. म्हणून घाटात ही जीप देवमाणूस आणि हायवेवर दमेकरी. ४३ आणि ८ या दोघांना एकाच आकड्याने भाग जात नाही, ही जोडी मुद्दामच तशी. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि तीच जोडी पुन्हा समोरासमोर येईपर्यंत क्राउनचे आठ फेरे होतात. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. मागे ३९ दातांचा क्राउन टाकला आणि पुढे ४३ चाच ठेवला, तर फोर-व्हील लावताच मागची चाकं पुढे जायला बघतात, पुढची त्यांना धरून ठेवतात, आणि मधला ट्रान्सफर केस दोघांचं भांडण सोसतो.

हे दात नीट बसले का ते बघायला मिस्त्री तेलात शेंदूर कालवायचा. मारुतीला लावतात तोच. बोटाने चार-पाच दातांना लावून क्राउन हाताने हळू फिरवायचा आणि दातावर उमटलेला डाग चष्मा कपाळावर ढकलून बघायचा. डाग दाताच्या मधोमध आला की मान हलवायची. कडेला सरकला की पुन्हा सगळं खोलून एक पातळ शीम घालायचा. एका ॲक्सलपायी त्याची अख्खी दुपार जायची. घाई केलेल्या माणसाला तो स्टूल द्यायचा आणि त्याच्याकडे बघायचा नाही.

तर माझं मत असं: जुन्या जीपला ताकद हवी असेल तर त्याच रुंदीचा, त्याच दातांचा, जमल्यास फुल-फ्लोटिंग ॲक्सल बघा आणि तो बसवायच्या आधी ब्रेक नवे करा. विकणारा सांगेल त्या आकड्यावर जाऊ नका, क्राउनचे दात स्वतः मोजा. मोजताना पहिल्या दाताला खडूने खूण करा. नाही तर पस्तिसाव्याला कोणीतरी चहा पुढे करतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते.