बोर्डवाले सर

भिवंडीच्या टेमघरला नव्या टॉवरांखालून संध्याकाळी सातच्या सुमाराला गेलात, तर कुठल्या तरी खिडकीतून हमखास ऐकू येतं, "दिसतंय का? आता? बरं, हिरव्यात काढतो. हिरव्यात दिसतंय?" डिश बसवणारा आला असेल असं समजून पुढे जाऊ नका. आत इंग्रजीची एकास एक ऑनलाइन शिकवणी चालू आहे, आणि विचारतायत ते बोर्डवाले सर.

बोर्डवाले सर हे कुणा एकाचं नाव नाही, ती जमात आहे. 2020 पर्यंत ही जमात कोचिंग क्लासमध्ये खडू झिजवत होती. टाळेबंदीत क्लासला कुलूप लागलं आणि सर बेडरूममध्ये आले. पुढे कुलूप निघालं, पण सर काही बाहेर आले नाहीत. त्यांचंही चूक नाही. मेट्रो 5 च्या नकाशात टेमघर नावाचं स्टेशन आहे खरं, पण कल्याण-भिवंडी रस्त्यावर संध्याकाळी गाड्या अशा उभ्या असतात, की कोन गावच्या गोदामातून सुटलेला पोरगा शिकवणीला पोचेपर्यंत वर्तमानकाळाचा भूतकाळ झालेला असतो. त्यापेक्षा त्याने तिथेच खोक्यावर बसावं, फोन टेकवावा आणि शिकावं.

सरांना गावाचा अभिमान दांडगा. "शहाडला उल्हास नदीचं पाणी उचलतात, टेमघरला शुद्ध करतात, मग ते ठाण्याला आणि मीरा-भाईंदरला जातं," असं ते नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला सांगतात. "इंग्रजीचं पण तसंच. गढूळ आणा, गाळून नेऊ."

गाळण्याचं यंत्र म्हणजे बोर्ड. खरं प्रेम सरांचं इंग्रजीवर नाही, बोर्डावर आहे. पहिलं प्रेम गूगलचं जॅमबोर्ड. फुकट, साधं, वीस पानांचं, पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवता येणारं. गूगलने ते 31 डिसेंबर 2024 ला बंद केलं. सोसायटीच्या गच्चीवर डीजे लागला होता तेव्हा सर खाली बसून 'आर्टिकल्स', 'प्रीपोझिशन्स', 'टेन्सेस' एकेक करून पीडीएफमध्ये उतरवत होते. आता ते मिरोवर असतात. तिथे फुकटात तीनच बोर्ड बदलता येतात, म्हणून सगळे विद्यार्थी तीन बोर्डांवर दाटीवाटीने राहतात. चौथीतल्या मुलीच्या 'माय कॅट'च्या शेजारी गोदाम सुपरवायझरचा रजेचा अर्ज, आणि मांजराची शेपटी अर्जात घुसलेली.

त्यात हा बोर्ड चहूकडे हवा तेवढा पसरतो. खडूच्या फळ्याला लाकडी चौकट होती, माणूस तिच्या बाहेर जाऊ शकत नव्हता. इथे सरांचं बोट जरा सरकलं की धडा गायब. पांढऱ्या माळरानावर सर हिंडतायत, "थांब हं, इथेच होतो आपण." मग बोर्ड लहान लहान करत नेला की कोपऱ्यात मुंगीएवढं काहीतरी दिसतं. तो 'प्रेझेंट परफेक्ट' असतो.

एक तास जवळून पाहण्यासारखा आहे. सुपरवायझरने बोर्डावर लिहिलं, 'आय ॲम वर्किंग इन गोडाऊन सिन्स थ्री इयर्स.' सर खूश. चूक सापडली की त्यांना रंग निवडता येतो. लाल नको, लालने मुलांचा आत्मविश्वास जातो असं त्यांनी एका वेबिनारमध्ये ऐकलंय. जांभळा घेतला. मग काळाची रेघ ओढली. रेघेवर गोदाम काढलं. गोदामापुढे ट्रक हवाच. माउसने काढलेलं चाक चौकोनी आलं. पुसलं. पुन्हा काढलं, ते अंडाकृती. पुसलं. तेवढ्यात सुपरवायझरचा दुसरा फोन वाजला आणि तो सटासट बोलला, "येस सर, व्हेइकल रिपोर्टेड. अनलोडिंग पेंडिंग. टू बॉक्सेस शॉर्ट, आय विल मेल यू द फोटो." अडखळणं नाही, काळाची रेघ नाही. सरांना यातलं काही ऐकू गेलं नाही. ते तिसरं चाक काढत होते.

चाक गोल झालं आणि सर 'सिन्स'च्या जागी 'फॉर' का, याकडे वळले, तर मीटिंग बंद. झूमवर पूर्वी दोघंच असले की फुकटात हवं तेवढं बोलता यायचं. मे 2022 पासून दोघांनाही 40 मिनिटांची कात्री लागली. सरांचं 'आय हॅव बीन...' अर्ध्यावर लटकलं. पुन्हा लिंक, पुन्हा "दिसतंय का?"

तरीही या बोर्डाला मी नावं ठेवणार नाही. क्लासमध्ये मागच्या बाकावर बसणारा हा सुपरवायझर पोरगा वर्षभर तोंड उघडत नसे, कारण चुकलं की वर्ग हसायचा. इथे दोघांच्या हातात दोन पेनं आणि बोर्ड एकच. तो चुकीचं लिहितो, स्वतःच बघतो, गुपचूप पुसतो आणि पुन्हा लिहितो. हसायला कुणी नाही. सकाळी ट्रकची वाट बघताना तोच बोर्ड फोनवर उघडून जांभळी खूण पुन्हा वाचतो. खडूचा फळा हे करू शकत नव्हता, तो दुसऱ्या तासाला पुसला जायचा. आणि जे इंग्रजी कुठल्याच बोर्डावर नाही, 'सर, यू आर ऑन म्यूट', 'सर, युअर स्क्रीन इज नॉट मूव्हिंग', ते तर सरांचे सगळे विद्यार्थी झोपेतसुद्धा बिनचूक बोलतील. तीन महिन्यांत एवढं कुठल्या क्लासने दिलं होतं? चाकं मात्र सरांनी सोडून द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेमघरला बोर्डवाल्या सरांकडे शिकवणी लावायची असेल, तर लॅपटॉपवर बसा. फोनच असेल तर सरांना आधी सांगून ठेवा. ते रागावत नाहीत, अक्षर मोठं काढतात. फी मात्र तासावर ठरवून घ्या, 40 मिनिटांवर नको.