वार्षिक वर्गणीदार

वार्षिक वर्गणीदार हा बहुधा निवृत्त असतो. छत्रपती संभाजीनगरात तो समर्थनगर, ज्योतीनगर किंवा सिडकोच्या एखाद्या 'एन' सेक्टरमध्ये आढळतो. स्टॉलवर सुटा अंक घेणाऱ्याला तो वाचक मानत नाही; ते नुसते गिऱ्हाईक. वर्गणी भरली की मात्र माणूस घरचा होतो आणि संपादकाला झापण्याचा हक्क त्याला आपोआप मिळतो.

या जातीला इथली हवा पूर्वीपासून मानवली आहे. अनंत भालेरावांचे दैनिक 'मराठवाडा' इथले, गंगाधर पानतावण्यांचे नियतकालिक 'अस्मितादर्श' इथले, मराठवाडा साहित्य परिषदेचे 'प्रतिष्ठान'ही इथलेच. पावतीपुस्तक घेऊन दारात येणारा प्राध्यापक ओळखीचा निघे, चहा होई आणि वर्गणी सुटे. थोडे जास्त पैसे भरून 'आजीव' होणारेही होते. आजीव म्हणजे कोणाच्या जिवात जीव असेपर्यंत, अंकाच्या की आपल्या, हे पावतीवर लिहिलेले नसे.

२०११ साली 'दिव्य मराठी' शहरात आला आणि वृत्तपत्रांच्या चढाओढीत वर्गणीदाराचा भाव वधारला. वृत्तपत्रांच्या कुपन योजनांत तर तो रमतोच. रोजचे कुपन कापून तक्त्यावर डकवायचे, तक्ता भरला की बादली किंवा बॅग. कुपनाच्या पाठीमागे अग्रलेख आला, तर अग्रलेखाला भोक पडते. त्याबद्दल त्याची तक्रार नसते.

त्याची खरी कसोटी लागते ती पत्ता बदलताना. पत्रव्यवहारात वर्गणीदार क्रमांक लिहावा, असे अंकात स्पष्ट छापलेले असते. हा क्रमांक वेष्टनावर असतो आणि अंक हाती पडताच तो पहिल्यांदा वेष्टनच फाडतो. मग तो क्रमांकाऐवजी आपली साहित्यसेवा सविस्तर लिहितो. अंक जुन्या घरीच जात राहतो आणि तिथला भाडेकरू सुसंस्कृत होतो. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे बदलले, तेव्हा घर न बदलताही पत्ता बदलण्याची संधी चालून आली. पिनकोड तसाच असल्यामुळे पोस्टमनचे काही अडले नव्हते. तरी त्याने पत्र पाठवले, अर्थातच क्रमांकाविना.

वर्गणी बंद करणे त्याला जमत नाही. मासिकाच्या बाबतीत मुदत संपली की काम आपोआप होते, पण पेपरवाल्याला तोंडावर 'उद्यापासून नको' म्हणायची हिंमत होत नाही. तो 'आठ दिवस गावाला चाललोय' असे सांगतो. नवव्या दिवशी पेपर दारात हजर. बिलातून मात्र ते आठ दिवस तो काटेकोर वजा करून घेतो, घरात बसून काढले असले तरी.

वर्षाअखेरीस हिशेब होतो. भरलेल्या वर्गणीतून रद्दीचे पैसे वजा केले की अंक जवळजवळ फुकट पडला, असे तो बायकोला पटवतो. आकडा जुळला नाही, तर दोष रद्दीवाल्याच्या काट्याचा.